जुना कॅम्पिंग ट्रेलर: खरेदी, दुरुस्ती आणि पहिला मुक्काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाडीला जोडून मागे ओढत न्यायचं, आत झोपायची-रांधायची सोय असलेलं चाकांवरचं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. खालचे प्रश्न १९३० ते १९७०च्या दशकांतल्या ट्रेलरांबद्दल आहेत. त्यांतले बहुतेक अमेरिका-कॅनडात बनलेले. मी असे दोन ट्रेलर उकलून पुन्हा बांधले. पहिल्यात निम्म्या चुका केल्या, उरलेल्या दुसऱ्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

जुने ट्रेलर सगळे सारखेच बांधलेले असतात का?

नाही, आणि हे आधी कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. सर्वांत जास्त सापडतात ते लाकडी सांगाड्याचे: पाऊण इंच जाडीच्या रिपा, आतून पातळ प्लायवुड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. बाजूने पाहिलं तर मांसाच्या डब्यासारखा गोलसर आकार, म्हणून अमेरिकेत त्यांना "कॅन्ड हॅम" म्हणतात. मागच्या बाजूला पत्र्याचे पंख लावलेला शास्ता कंपनीचा ट्रेलर याच जातीचा. पंखांचा उपयोग शून्य, पण पंख हरवलेला शास्ता बघवत नाही.

दुसरी जात विमानविद्येतून आलेली. होली बोलस हा ग्लायडर बनवणारा माणूस. अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' हे विमान बांधलं गेलं तेव्हा देखरेख त्याची होती. त्याने १९३४मध्ये 'रोड चीफ' हा रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याचं दार चक्क पुढच्या टोकाला, जोडायच्या दांड्याच्या वर! एअरस्ट्रीम कंपनीच्या वॉली बायमने पुढे त्याच धर्तीवर, पण दार बाजूला घेऊन, १९३६मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पार्टन या विमान कंपनीनेही ट्रेलर बनवले. यांच्यात लाकडी सांगाडा नसतो. पत्रा आणि ॲल्युमिनियमच्या बरगड्या मिळून भार पेलतात.

तिसरी जात फायबरग्लासच्या अंड्यांची. रे ओलेकोचा १९६८ सालचा, कॅनडातल्या विनिपेगचा 'बोलर' त्यांत प्रसिद्ध. वरचा आणि खालचा असे दोन साचे, मधे कमरेला एक सांधा, बस्स. कुजायला भिंतीत लाकूडच नाही. पहिल्यांदा हात घालणार असाल तर मी डोळे झाकून अंडं घ्या म्हणेन. माझं कोणी ऐकत नाही, सगळ्यांना पंखच हवे असतात.

विकत घेताना सर्वांत आधी काय पाहायचं?

पाणी. म्हणजे पाण्याच्या खुणा. रंग, पडदे, गोंडस दिवे यांच्याकडे पाठ फिरवा. ताजा रंग मारलेला जुना ट्रेलर पाहिला की मला आनंद होत नाही, संशय येतो.

दार बंद करून आत दोन मिनिटं नुसते उभे राहा आणि वास घ्या. मग टॉर्च आणि एक बोथट टोचा घेऊन खिडक्यांच्या खालचे कोपरे, छताचे चारही कोपरे, पलंगाखालची आणि कपाटांच्या आतली भिंत दाबून पाहा. जिथे विकणाऱ्याने रंग मारायचा कंटाळा केला असेल तिथेच खरं चित्र दिसतं. जमिनीवर टाच दाबत चाला, विशेषतः दाराशी आणि मागच्या भिंतीलगत. लाकूड निरोगी असेल तर आवाज खणखणीत येतो, कुजलेलं असेल तर बद्द.

एअरस्ट्रीमची एक खास परीक्षा आहे. मागच्या बंपरवर उभे राहून हळूच वरखाली व्हा आणि कोणाला तरी बंपर आणि वरची कवची (म्हणजे पत्र्याचं घर) यांच्यामधल्या सांध्याकडे बघायला सांगा. बंपर खाली जातो आणि कवची जागेवर राहते, असं दिसलं तर मागची जमीन कुजून चासी (चाकांवरचा लोखंडी सांगाडा) आणि कवची यांची फारकत झालेली आहे. दुरुस्त होतं, पण तो शनिवार-रविवारचा उद्योग नव्हे.

यानंतर कागदपत्रं. चासीवर किंवा पुढच्या दांड्यावर ठोकलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते स्वतः घासूनपुसून वाचा. क्रमांक जुळला नाही तर ट्रेलर कितीही आवडला असला तरी घरी परता.

फक्त एका कोपऱ्यात छोटा डाग आहे. चालेल ना?

डागामागचं कुजणं डागाएवढं कधीच नसतं. भिंत उघडायची तयारी ठेवूनच किंमत बोला.

पाणी नेमकं येतं कुठून?

जिथे जिथे पत्र्याला भोक आहे किंवा दोन पत्रे भेटतात, तिथून. कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, छतावरची हवेची खिडकी, खिडक्यांच्या चौकटी, वरचे छोटे लाल-पिवळे दिवे, गॅसच्या आणि विजेच्या झडपा. कारखान्यात या सांध्यांखाली पुट्टी भरलेली असायची. पन्नास वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. ट्रेलर रस्त्यावर सतत हलतो, पत्रा उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो, मग वाळलेली पुट्टी तडकते.

आता सगळे जण करतात ती चूक: वरून सिलिकॉनची पिचकारी. सिलिकॉन फाटीवरून जातं, फाटीत नाही. पाणी त्याच्या पाठीमागून वाट काढतं आणि आता बाहेर पडायची वाटही तुम्ही बंद केलेली असते. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, आणि ते खरवडताना जीव जातो. माझ्या पहिल्या ट्रेलरवर आधीच्या मालकांनी तीन थर चढवले होते, तिन्ही वेगळ्या रंगांचे.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. पट्टी किंवा खिडकी पूर्ण काढायची, खालचा पत्रा धातू दिसेपर्यंत साफ करायचा, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी परत बसवायची, आणि भोकं सैल झाली असतील तर एक माप जाड स्क्रू वापरायचे. ब्युटाइल वाळत नाही, च्युइंगमसारखं लवचीक राहतं. दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळा, बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पातीने कापा.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आपण लहानपणापासून ऐकली. ट्रेलरच्या बाबतीत तिचा पहिला अर्धा भागच खरा.

आतलं सगळं उपसून काढून सुरुवात करावी का?

हात जोडून सांगतो, नको.

लाकडी सांगाड्याचा ट्रेलर आतून बाहेर बांधलेला असतो. कारखान्यात आधी चासीवर जमीन, मग आतलं प्लायवुड लावलेल्या बाजूच्या भिंती, मग कपाटं आणि आडव्या भिंती. या कपाटांचे स्क्रू बाहेरच्या बाजूने, भिंतीतून आत मारलेले. त्यानंतर छताच्या रिपा, वायरी, थंडी-उष्णता रोखणारं अस्तर, आणि सर्वांत शेवटी पत्रा. म्हणजे कपाट हे सामान नाही, खांब आहे. छत त्याच्यावर टेकलेलं आहे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ट्रेलरची कपाटं मी एका दुपारी मोठ्या उत्साहात फोडून काढली. संध्याकाळी छत दोन बोटं खाली आलं होतं आणि दार बंद होईना. पुढचे दोन महिने मी मूळचा आकार शोधण्यात घालवले.

उकलायचा क्रम म्हणजे बांधणीचा उलटा क्रम. आधी कोपऱ्यांच्या पट्ट्या, दारं-खिडक्या. मग छताचा, पुढचा-मागचा आणि बाजूचा पत्रा. तो मोठ्या तुकड्यांत निघतो आणि एकट्याने ओढला तर मुरगळतो, म्हणून दोघे लागतात. आता सांगाडा समोर उघडा असतो आणि आतलं जसंच्या तसं. एका वेळी एकच भिंत घ्या. दुसरी बाजू उभी असते तोवर आकार हरवत नाही. कुजलेली रीप फेकायची नाही. ती नव्या लाकडावर ठेवून गिरवायची. भुगाच झाला असेल तर समोरच्या बाजूचा तोच तुकडा उलटा करून नमुना घ्या, दोन्ही भिंती एकमेकींचं प्रतिबिंब असतात. गोल कोपऱ्यांसाठी आधी पुठ्ठ्यावर साचा कापून पाहा, मग प्लायवुड.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. वाटतात त्याच्या तिप्पट. स्क्रूच्या पिशव्यांवर "किरकोळ" असं कधीही लिहू नका. सहा महिन्यांनी किरकोळ असं काही उरत नाही.

एअरस्ट्रीमसारखा ट्रेलर असेल तर?

तिथे उलट. आतला पत्रा काढून कामाला सुरुवात होते. जमिनीचं प्लायवुड चासी आणि कवची यांच्यामध्ये सँडविचसारखं दाबलेलं असतं, त्यामुळे काठ कुजला की दोन्हींची पकड सुटते. थोडं असेल तर तुकडा कापून बदलता येतो. फार असेल तर कवची उचलून चासी बाहेर काढावी लागते. उचलण्यापूर्वी आत आडवे-उभे टेकू ठोका, नाहीतर कवची फाकते. मूळ रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात: बाहेर हवेची हातोडी, आत लोखंडी ठोकळा धरणारा. नवराबायकोने हे काम एकत्र करावं का, यावर माझं मत विचारू नका.

एक तांत्रिक गोष्ट विसरू नका. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रंगाचा थर किंवा टेप हवीच.

आरशासारखी चकाकी कशी आणायची?

जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा अल्क्लॅड असतो, म्हणजे मजबूत मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. चमकतो तो हा थर. पॉलिश पेपर मारला की तो थर गेला, मग कितीही घासा. १९६०च्या दशकानंतरच्या बऱ्याच ट्रेलरांवर पारदर्शक लेप असतो. तो आधी रसायनाने उतरवावा लागतो, लेपावर पॉलिश करून काहीच होत नाही. पुढे बफिंग मशीन, कंपाउंडच्या दोन-तीन पायऱ्या आणि काळे पडलेले हात. चकाकी टिकवायला दरवर्षी थोडंथोडं घासणं आलंच. मला स्वतःला मंद, राखाडी झालेला पत्रा जास्त आवडतो, पण इथे मी अल्पमतात आहे.

आतलं बर्च प्लायवुड रंगवून टाकू का?

आधी लाखेचं पॉलिश लावून पाहा. ते जुन्या फिनिशवर चिकटतं, तोच मधासारखा रंग देतं आणि नव्या-जुन्या लाकडातला फरक बराच झाकतं. पांढरा रंग कधीही मारता येतो. मारलेला काढणं मात्र जवळजवळ अशक्य.

चाकं फिरतात, म्हणजे रस्त्यावर नेता येईल ना?

फिरतात म्हणजे फक्त फिरतात. विकत घेतलेला जुना ट्रेलर त्याच दिवशी ओढत घरी आणायचा मोह सगळ्यांना होतो आणि अर्धे जण रस्त्याच्या कडेला बसतात. शक्य असेल तर तो दुसऱ्या वाहनावर लादून आणा.

टायरची जाडी पाहू नका, जन्मतारीख पाहा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा, म्हणजे तो संग्रहालयाचा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभ्याउभ्या म्हातारे होऊन फुटतात. साधारण पाच ते सात वर्षांत बदला, नक्षी कोरी असली तरी.

बेअरिंग काढून धुवा, खड्डे पडलेत का पाहा, नवं ग्रीस आणि नवं सील घाला. वर्षातून एकदा हे करायचंच. स्प्रिंगचे पाटे तडकलेले किंवा उलटे वळलेले असतील तर बदला. सोपं आहे. एअरस्ट्रीममध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाट्यांऐवजी रबर असलेला ॲक्सल आला. नळीत रबराच्या कांड्या, त्याच धक्के झेलतात. पन्नास वर्षांत त्या दगड होतात. ट्रेलर उभा असताना ॲक्सलपासून चाकाकडे जाणारा दांडा खाली उतरता दिसला तर रबरात जीव आहे. आडवा किंवा वर चढलेला असेल तर ॲक्सल बदला. नाहीतर प्रत्येक खड्डा थेट रिव्हेटांवर बसतो.

विजेवरचे ब्रेक असतील तर आतले चुंबक, वायरी आणि गाडीतलं नियंत्रण तिन्ही तपासा. आणि सुटका-स्विच: ट्रेलर गाडीपासून निसटला तर तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. त्याची बॅटरी मेलेली असेल तर हा स्विच म्हणजे नुसती शोभा. चाकं बसवल्यावर पहिल्या ८० किलोमीटरला थांबून नट पुन्हा आवळा.

माझी गाडी ओढू शकेल का?

गाडीच्या कंपनीने दिलेला ओढायच्या वजनाचा आकडा आणि वजनकाटा, या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा. जुन्या माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. पाणी, गॅस, गाद्या, भांडी आणि तुमच्या दुरुस्तीत वाढलेलं लाकूड त्यात नाही. सगळं भरून काट्यावर न्या.

एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर हवा, म्हणजे १००० किलोच्या ट्रेलरला १०० ते १५० किलो. गाडीच्या हिचची (ट्रेलर जिथे अडकवतात त्या जोडाची) मर्यादाही तेवढी हवी. सामान मागे भरलं की बैलगाडीवाले ज्याला उलाळ म्हणतात ते होतं, आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका. ॲक्सलरेटर सोडा आणि जमत असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. मग थांबून सामान पुढे सरकवा. मागच्या टोकाला जड स्वयंपाकघर बांधायची हौस असेल तर इथेच विचार करा.

मूळचा गॅस आणि फ्रिज वापरता येईल?

शेगडी बहुधा हो, फ्रिज जपून. रेग्युलेटर आणि रबरी नळ्या न तपासता नव्या घाला. तांब्याच्या नळीची गळती साबणाच्या फेसाने शोधा, काडी पेटवून नव्हे. हे लिहावं लागतंय कारण मी पाहिलेलं आहे. यंत्रणा दाबाखाली तपासायचं काम जाणकाराकडून करून घ्या.

गॅसवरच्या फ्रिजमध्ये पंप नसतो. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया फिरतो. तो तिरका उभा राहिला तर अमोनिया अडतो, नळ्या तापतात आणि आतला क्षार साचून कायमच्या तुंबतात. पाठीमागे पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा वास आला की त्याला निरोप द्या. ज्योत नीट जळत नसेल तर तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि प्रोपेनचा (शेगडीच्या गॅसचा) अलार्म, दोन्ही लावा. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे त्याचा अलार्म जमिनीलगत. शेगडी पेटवून आत ऊब घ्यायची नाही, कितीही थंडी असली तरी.

विजेचं काय?

जुन्या वायरी काढा. कापडी वेष्टनाच्या, मधेच टेप गुंडाळलेल्या वायरी "अजून चालतात" म्हणून ठेवू नका. ट्रेलरमध्ये दोन संसार असतात: बॅटरीचा १२ व्होल्टचा आणि बाहेरून जोडायच्या मुख्य विजेचा. दोघांना वेगळे मार्ग, वेगळे फ्यूज. अनेक जुन्या ट्रेलरांना अर्थिंगच नाही, आणि पत्र्याचं घर म्हणजे एक मोठी उघडी वायर. ओल्या गवतावर उभं राहून दाराची कडी धरल्यावर मुंग्या आल्या तर ताबडतोब वीज तोडा. मुख्य वीज जोडली की आत शिरण्यापूर्वी पत्र्याला टेस्टर लावण्याची सवय ठेवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही.

उंदीर, शिसं, ॲस्बेस्टॉस?

तिन्ही असू शकतात. उंदरांच्या लेंड्या झाडू नका, धूळ नाकात जाते आणि काही भागांत तिच्यातून हंटाव्हायरसची बाधा होते. दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, ब्लीचच्या पाण्याने भिजवा, थोडं थांबा, मग हातमोजे घालून पुसून घ्या. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालण्यावर बंदी १९७८ची. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. जुन्या फरशीच्या चौकोनी टाइल आणि शेगडी-हीटरमागचे कडक पत्रे यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी होईपर्यंत तोडफोड नाही.

किती वेळ लागेल?

तुम्ही ठरवलाय त्याच्या दुप्पट, आणि मग पावसाळा.

मूळ स्वरूप राखावं की आधुनिक करावं?

दिसतं ते जुनं ठेवा, ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवं करा. टायर, ब्रेक, गॅस, वायरिंग यांत जुनेपणाचं कौतुक नको. खिडक्यांचे हँडल, दिव्यांच्या काचा, कपाटांच्या मुठी मात्र कंजूषपणे जपा, कारण त्या परत मिळत नाहीत. आणि पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नका. हे ट्रेलर प्रदर्शनासाठी जन्मले नव्हते. बायमने १९५९मध्ये ट्रेलरांचा अख्खा तांडा केपटाउनहून कैरोच्या वाटेला लावला होता. छत गळत नाही, चाकं-ब्रेक धड आहेत, गॅस-वीज तपासली आहे, इतकं झालं की निघा. पडद्यांवाचून कोणी मेलं नाही.

पहिला मुक्काम कुठे करावा?

स्वतःच्या अंगणात. खरंच. आत झोपा, रांधा, पंप चालवा, रात्री दिवा न लावता दार शोधा. काय विसरलं ते दहा पावलांवर असतं. दुसरा मुक्काम तासाभराच्या अंतरावर. पोहोचल्यावर आधी डावं-उजवं सपाट करा, गाडी जोडलेली असतानाच, चाकाखाली फळी घालून; पाणसळ फ्रिजमध्ये ठेवून पाहायची. मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग गाडी सोडा, मग दांड्याच्या जॅकने पुढे-मागे सपाट करा. कोपऱ्यांचे टेकू शेवटी. ते डोलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाही. त्यांनी उचलायला गेलात तर चासी वाकते आणि दार पुन्हा अडकतं.

रात्री वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. दोन माणसांच्या श्वासातलं पाणी सकाळी पत्र्यावरून ओघळतं आणि तुम्हाला वाटतं, पुन्हा गळायला लागला.

ट्रेलर मागे घेताना नेहमी उलटाच वळतो. काय करू?

स्टिअरिंग खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन घडी घालतो, म्हणून थोडं वळवा, थांबा, बघा. खाली उतरून बघायची लाज बाळगू नका. बाहेर उभा राहून हातवारे करणारा एकच असावा.

वापरात नसताना झाकून ठेवावा का?

छप्पर असेल तर उत्तम. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळू नका. आत ओल कोंडते आणि वाऱ्यावर फडफडून रंग खरवडते. पाण्याच्या टाक्या आणि नळ रिकामे करा, थंडीत गोठून फुटतात. टायर फळीवर ठेवा, गाद्या उभ्या करा, कपाटांची दारं उघडी. पुढचं टोक किंचित वर, म्हणजे पाणी छतावर साचत नाही. आणि मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी आत जाऊन दार लावून दोन मिनिटं उभे राहा. टॉर्च नंतर, आधी नाक.